बिनआकड्याचा बोल्ट

जावईबापू घड्याळजी. मनगटी घड्याळातले तिळाएवढे स्क्रू चिमट्यात धरून धरून त्यांची ठाम समजूत झाली होती, की जगातला कुठलाही बोल्ट म्हणजे त्या स्क्रूचाच थोरला भाऊ. सासऱ्यांनी आपली जुनी मोटरसायकल त्यांच्या हवाली केली, तेव्हा पहिल्याच सुट्टीत ते गंजके बोल्ट बदलायला बसले. बाजारातून स्टेनलेसचे चकचकीत बोल्टही आणले होते, ब्रेकला आणि इंजिनाला.

सासऱ्यांची सारी हयात मोटरसायकली दुरुस्त करण्यात गेलेली. ते खुर्ची ओढून अंगणात बसले. मदतीला नव्हे, करमणुकीला.

"जावईबापू, ब्रेकला दागिने घालताय की काय?"

मग त्यांनी शाळाच भरवली. ब्रेकचा बोल्ट मिरवायला नसतो, ताण सोसायला असतो. त्याच्या डोक्यावर आकडा असतो, तो त्याच्या ताकदीचा. कंपनीच्या बोल्टवर जो आकडा, तोच नव्यावर हवा. जाडी, लांबी, आटे, सगळं तसंच हवं. आणि स्टेनलेस इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमला एकदा चिकटला, की निघताना आटे सोबत घेऊन येतो. त्यांची लेक पायरीवर बसून दोघांनाही हसत होती.

जावईबापूंचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी चकचकीत बोल्ट बाजूला सारले आणि इंजिनाच्या झाकणाचे जुनेच पुसून परत लावायला घेतले. त्यातला एक डोकं टेकण्याआधीच अडला. सासरे म्हणाले, जरा जोर लावा, तो काही सेकंदकाटा नाही. पण जावईबापूंनी हात आखडला.

"नाही बाबा. हा खाली तळाला टेकलाय."

बोल्ट काढून शेजारच्याशी जुळवला, तर लांब बोल्ट आखूड भोकात गेलेला. जोर लावला असता तर इंजिनाला तडाच गेला असता. सासऱ्यांनी चष्मा चढवून पाहिलं, नुसतंच "हं" केलं आणि खुर्ची जवळ ओढली.

पुढे ब्रेकचे जुने बोल्ट निघाले. जावईबापूंनी ते ब्रशने घासले, सवयीने डोळ्याला भिंग लावलं. एकावर आकडा स्पष्ट होता. दुसऱ्याचं डोकं कोरं.

"बाबा, याचा आकडा कुठे गेला?"

झिजला असेल, असं सासरे आभाळाकडे बघत म्हणाले. लेकीने बोल्ट हातात घेऊन उलटसुलट केला.

"हा आपल्या मागच्या फाटकाच्या बिजागरीचा आहे. तरीच तिथे इतकी वर्षं तार बांधलेली!"

सासऱ्यांना एकाएकी खोकला आला. अडीनडीला बसवला होता, मग राहूनच गेलं, असं ते शेवटी पुटपुटले. जावईबापूंना बोलायला भरपूर सुचत होतं, पण बायकोने डोळ्यांनी दटावलं, म्हणून त्यांनी एवढंच विचारलं, "दुकानात बरोबर येता का?"

दोघे चालतच गेले. काउंटरवर सासऱ्यांनी ब्रेकसाठी आकडा वाचून बोल्ट मागितले, आणि आवाज खाली आणून फाटकासाठीही एक.

संध्याकाळी नवे बोल्ट बसले, मापाच्या पान्याने नेमके आवळून. रिकाम्या गल्लीत हळूहळू जाऊन जावईबापूंनी ब्रेक दाबून पाहिला. गाडी जागच्या जागी थांबली. वळून आले, तर सासरे हेल्मेट घालून फाटकात उभे. ते मागच्या सीटवर बसले आणि जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.