काण्याची बडदास्त

आमच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र होतं, पण ते कपाटातल्या नव्या कपबश्यांसारखं. पाहुणे आले की बाहेर. एरवी विजेचं बिल वाढतं म्हणून बंद, आणि जांभळं पाणी सरळ नाल्यात. तो नाला पाळणाघराच्या मागून जातो. तिथे माझी सात महिन्यांची लेक असते. संध्याकाळी तिला उचलून घेतली की जावळाला तोच उग्र वास. पाणी तपासायच्या कामावर मीच, त्यामुळे नवरा चिडवायचा, "आईचं अत्तर लावलंय वाटतं!"

"पाण्याकडे लक्ष द्या, आपली काही जबाबदारी आहे," असं साहेबांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. "बघू," म्हणायचे. म्हणजे बघणार नाहीत.

मग आमचा माल घेणाऱ्या परदेशी कंपनीच्या बाई येणार असं कळलं. पाणी बघितल्याशिवाय पुढची ऑर्डर नाही. साहेबांनी डोकं लढवलं. "शेवटच्या हौदात मासे सोडा. मासे जिवंत म्हणजे पाणी शुद्ध!"

"मग यंत्र सतत चालवावं लागेल, साहेब. नाहीतर मासे उताणे."

"चालवा हो. चार दिवसांचा तर प्रश्न!"

बाई आल्या आणि हौदाच्या कडेला फतकल मारून बसल्या. एका डोळ्याभोवती काळा डाग असलेला गुबगुबीत मासा वर आला. कामगार त्याला काण्या म्हणायचे. बाई विरघळल्याच. जाताना म्हणाल्या, "हा मला व्हिडिओवर दाखवत जा. मी कधीही फोन करीन."

गाडी फाटकाबाहेर पडते न पडते, साहेबांचा हात बटणाकडे.

"काण्या मरेल, साहेब."

"दुसरा आणू."

"असाच? डागवाला?"

साहेबांनी खरंच स्टोअरच्या मामांना बाजारात पिटाळलं. मामा भलताच मासा घेऊन आले. "याला मार्करने डाग रंगवू का?"

यंत्र चालूच राहिलं. महिन्याभरात लेकीच्या जावळाला नुसता दुधाचा वास यायला लागला. मी उगाचच हुंगत बसते.

परवा साहेब धापा टाकत माझ्या टेबलाशी आले. "अहो, काण्या खात नाहीये!"

"रंगाचं पाणी एकदम जास्त आलं असेल."

"आलं असेल? पाण्याकडे लक्ष नको द्यायला? काही जबाबदारी आहे की नाही?"

माझीच वाक्यं, माझ्याच तोंडावर! "चुकलंच, साहेब," म्हणत मी हौदाकडे पळाले. इतकी गोड बोलणी मी जन्मात खाल्ली नव्हती.