खिडकीपेक्षा बुटकी खुर्ची

“अहो, टेकून बसा की जरा,” बायको म्हणाली.

“टेकलोच आहे,” म्हणत आर्किटेक्ट उठले आणि पुन्हा खिडकीपाशी गेले.

हे वाचनालय त्यांनीच बांधलेलं, आतल्या खुर्च्याही त्यांच्याच. उमेदीच्या काळात त्यांनी नुसत्या इमारती बांधल्या. पण किल्ल्या हाती पडल्या की लोक आत वाटेल ती कपाटं आणून कोंबत. तेव्हापासून टेबल-खुर्च्यांचे आराखडेही ते स्वतःच काढू लागले. इमारतींनी नाव मिळवून दिलं, फर्निचरने शत्रू. जमाखर्च बरोबरीत सुटला, असं बायको म्हणे.

आज त्या खुर्च्या भंगारात निघणार होत्या, म्हणून साहेब भांडायला आले होते.

“या लोकांना पुस्तकं देते, मग भांडू,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या होत्या. “तोवर बसा. खुर्च्या तुमच्याच आहेत.”

ते बसले, उठले, पुन्हा बसले.

“पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आलात,” बायको पुटपुटली.

मग त्यांचं लक्ष आजूबाजूला गेलं. एकाने कोटाची घडी करून कमरेमागे ठेवली होती. एक मुलगी आडवी बसली होती. एका आजोबांनी तर शब्दकोशालाच पाठ टेकली होती. स्वस्थ कोणीच नव्हतं.

बाई आल्या. “हं, बोला.”

“लाकूड अजून ठणठणीत आहे.”

“लाकडाला कोण नावं ठेवतंय? लोक तासाभरात कंटाळून जातात हो. खुर्चीची पाठ इतकी बुटकी का ठेवलीत, तेवढं सांगा.”

कारण त्यांना पाठ होतं. दारातून आत पाऊल टाकलं की खिडक्यांची रांग अखंड दिसावी, मध्ये एकही खुर्ची डोकावू नये. उद्घाटनाच्या फोटोत ते फार झोकात आलं होतं. त्या फोटोत बसलेलं मात्र कोणी नव्हतं.

“खिडकी दिसावी म्हणून,” ते म्हणाले.

“दिसते की. माणसं सारखी उठून तिच्यापाशीच जातात.”

बायकोला हसू फुटलं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिने ते आवरलं.

“आपल्या सोफ्याचंही असंच काही होतं का?” तिने हळूच विचारलं. “इतकी वर्षं उशी घेऊन बसते मी. वाटायचं, माझ्याच पाठीत खोट असेल.”

त्यांनी तिच्या पाठीकडे पाहिलं. बाईंना म्हणाले, “नव्या खुर्च्या मागवू नका. चार दिवस थांबा.” मग बायकोकडे वळले. “बस इथे. ताठ नको. घरी बसतेस तशी.”

ती बसली. तिच्या मागे तळहात धरून ते टेकण्याची जागा शोधू लागले. हात खिडकीच्या खालच्या चौकटीच्या उंचीला आला.

“इथे?”

“अजून वर.”

हात चौकट ओलांडून काचेतल्या उजेडात गेला.

“इथे?”

ती मागे रेलली. हात न हलवता ते तसेच उभे राहिले.