किल्ल्यावरचा वारा

रविवारी दुपारी लंडनजवळ पिनरच्या घरी साबुदाणा वडे झाले, चहा झाला आणि रघुवीरने कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली. स्पेनहून येऊन आठवडाच झाला होता. मागच्या गल्लीतले डॉक्टर शशिकांत आणि त्यांची बायको नीना यांना त्याने खास फोटो पाहायला बोलावलं होतं. आपल्या माणसांचं परदेशी सहल नुसती करून भागत नाही. चार जणांना सोफ्यावर बसवून ती दाखवली की मग कुठे पैसे वसूल होतात.

पण रघुवीरला मिरवायची होती ती सहल नव्हे, आईला सहलीला नेल्याचं मिरवायचं होतं. बायकोची, मनीषाची, बाळंतपणाची रजा संपली तेव्हा त्याने आईला, प्रमोदिनीबाईंना, पुण्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर बोलावून घेतलं. त्यावर नागपूरच्या मोठ्या बहिणीने, रेखाताईने, त्याला फोनवर सरळ विचारलं होतं, "आईला फिरवायला नेतोयस की पोर सांभाळायला?" ते त्याच्या जिव्हारी लागलं. म्हणून त्याने आईच्या युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी रजा काढून रांग लावली आणि तिला स्पेनमधल्या मालागाला नेलं. फोटोंची सीडी पाठवून ताईचं तोंड एकदाचं बंद करायचं, हे विमानात बसतानाच ठरलेलं होतं.

तर फोटो सुरू झाले. समुद्रकाठच्या झाडांखाली मनीषा. संत्र्यांनी लगडलेल्या झाडाला टेकून रघुवीर. कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर दोघं. वाळू भरलेल्या होडीत विस्तव करून मासे भाजणारा माणूस. रघुवीर रंगात आला होता. स्पेनमध्ये कुणाला कसली घाई म्हणून नसते, आपणही कसे दिवसभर रमतगमत हिंडलो, हे तो तिसऱ्यांदा सांगत होता.

"काकू नाही दिसल्या कुठे," नीना सहज म्हणाली.

"येईल ना पुढे," म्हणत त्याने बटण दाबलं. आणखी दाबलं. मग त्याला ती दिसायला लागली. कॅथीड्रलच्या फोटोत अगदी कडेला बाबागाडीचं चाक आणि साडीचा पदर. समुद्राच्या फोटोत मागे बाक, त्यावर आई, मांडीवर दोघांचे कोट, मनीषाची पर्स आणि दुधाची बाटली. एका फोटोत तर तिचे नुसते बूटच आले होते. ती कुठेही नव्हती आणि सगळ्या फोटोंत होती. मनीषा उठून कपबशा गोळा करायला लागली.

"माझे गुडघे हो," प्रमोदिनीबाई नातीला थोपटत नीनाला म्हणाल्या. "मीच म्हटलं यांना, तुम्ही या जाऊन."

गुडघे. दर शनिवारी पर्वती चढून उतरणारी बाई ती. मालागाच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तिने पदर खोचला होता, वाकून बुटांच्या नाड्या आवळल्या होत्या, ते रघुवीरला आत्ता लख्ख आठवलं. बाबागाडी त्या चढावर जाणार नव्हती. "आई, तू बस जरा शाल्मलीपाशी, अर्ध्या तासात येतो," असं म्हणून तो आणि मनीषा वर गेले, वर निवांत कॉफी प्यायले आणि अडीच तासांनी खाली आले. आईने फक्त विचारलं, नीट पाहिलंत ना सगळं? तेव्हा त्याला वाईट वाटायचंसुद्धा सुचलं नव्हतं. आता मात्र पाहुण्यांकडे बघायची त्याला लाज वाटत होती, आणि आईकडे बघायची त्याहून जास्त.

तेवढ्यात फोन वाजला. रविवारचा, रेखाताईचा. आई फोनपाशी जाऊन बसली. रघुवीरला वाटलं, संपलं. गुडघ्यांची थाप नीनाला चालेल, ताईला कशी चालेल? उठावं, फोन घ्यावा आणि ताईला सांगून टाकावं की तुझंच खरं होतं, असं त्याच्या मनात आलं. पण तो हातात रिमोट धरून जागच्या जागी बसून राहिला.

"हो गं, छान फिरवलं रघूने," आई सांगत होती. "किल्ल्यावर? चढले की. पर्वती चढणारीला काय त्याचं." तिने टीव्हीकडे पाहिलं. पडद्यावर मनीषाने वरून काढलेला फोटो तसाच थांबला होता. "वरून सगळं बंदर दिसतं. पांढऱ्या बोटी. आणि ते बैलांच्या झुंजीचं गोल मैदान, अगदी परातीएवढं."

पलीकडून ताईने काहीतरी विचारलं. आई अडली. रिसीव्हरवर हात ठेवून तिने मान वळवली आणि हळूच विचारलं, "रघू, वर वारा होता का रे?"

"होता," तो म्हणाला.

"वारा ना? खूप होता गं," आई फोनमध्ये म्हणाली. "पदर सांभाळता सांभाळता पुरेवाट झाली माझी."