गाऱ्हाणं साकवापर्यंत पोचेना

या मंडळी, या, जरा पुढे सरकून बसा. खांबाला टेकलेत त्यांनीसुद्धा या. देवाचं नाव घ्या आणि ऐका. आज एका गाऱ्हाण्याची गोष्ट सांगतो. गाऱ्हाणं होतं देवाच्या दारचं, पण गेलं सरकारच्या दारी.

पावसच्या अलीकडे एक गाव आहे. गावाची अर्धी घरं पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे, अर्धी पलीकडे. मधे खोल घळ, आणि तिच्यावर लाकडी साकव. त्या साकवाच्या फळ्या अशा कुजल्या होत्या की शेळीसुद्धा आधी वास घेई आणि मग पाय टाकी.

शिमगा तोंडावर आला तशी पालखी उचलणाऱ्या धाकूनं सांगूनच टाकलं, "देवी खांद्यावर घेऊन मी या साकवावर चढायचा नाय. माणूस पडला तर उचलता येईल. देवी पडली तर गावानं जायचं कुठं?"

आणि देवीला टेम्पोत बसवून लांबच्या रस्त्यानं न्यायचं? नाव काढू नका!

पलीकडच्या वाडीत मैनाकाकी राहत. गुडघ्यांनी दगा दिलेला, देवळात येणं थांबलेलं. वर्षातून एकदा पालखी दारात येई, तेव्हाच त्यांना दर्शन. त्यांनी रावजींना बोलावून घेतलं. "रावजी, या खेपेला देवी दारात आली नाय तर मी ओटी कुणाची भरू?"

रावजी म्हणजे गावाचं तोंड. देवळात गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच, बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "काकी, देवी तुमच्या दारात येणार. माझा शब्द."

त्याच सुमारास तालुक्याच्या बांधकाम कार्यालयातून सानिका नावाची तरुण इंजिनीअर गावाला प्रशिक्षण द्यायला आली. आता रस्ते, गटारं, साकव, सगळ्याच्या तक्रारी मोबाईलवरून. ती म्हणाली, "फोटो काढा, ठिकाण टाका. लिहिता येत नसेल तर हे बटण दाबून बोला. मिनिटभर वेळ मिळतो."

"आणि ऐकणार कोण?" रावजींनी विचारलं.

"मी ऐकणार, आजोबा."

झालं! सरपंच योगिनीताई म्हणाल्या, "मी लिहून पाठवते दोन ओळी." पण गाव ऐकेना. पालखीच्या वाटेचं मागणं, ते गावाच्या तोंडानंच जायला हवं.

देवळात पाट मांडला. पाटावर तांदूळ, तांदळावर मोबाईल, शेजारी नारळ. चपला बाहेर. फोटो हवा म्हणून सगळं गाव देवळासमोर ओळीनं उभं राहिलं; मागणारे दिसायला नकोत का? रावजींनी घसा साफ केला.

"बा देवी जाकादेवी म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

मग वाघजाई आली, मग भैरी, मग वेशीवरचा राखणदार, पूर्वज, बारा वाड्यांचे मानकरी. रावजींचा आवाज चढला, "तर म्हाराजा, आमचा जो पऱ्ह्यावरचा..." आणि मिनिट संपलं, मोबाईल टुंग करून बंद झाला.

पूर्वरंगातच टाळ खाली ठेवावेत, तसं झालं! पण कुणाच्या ध्यानात आलं नाही. नारळ फुटला, खोबरं वाटलं.

कार्यालयातल्या कुणीतरी नुसता देवळाचा फोटो बघून उत्तर धाडलं, ते योगिनीताईंनी वाचून दाखवलं, "तक्रारीचा विषय : मंदिर. सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही."

रावजींनी कपाळावर हात मारला. "कुणीतरी देव राहिला माझ्याकडून! समुद्रावरचा राहिला, म्हणून अडलं."

पुढच्या खेपेला त्यांनी समुद्रावरचा देव घेतला, सड्यावरचा घेतला, शेजारच्या गावातली देवीची बहीण घेतली. उत्तर तेच आलं. रावजींनी आणखी देव वाढवले.

योगिनीताई म्हणाल्या, "रावजीकाका, आधी साकव म्हणा की हो! देव मागाहून घ्या."

"देवाला मागं ठेवू? सरपंच झालीस म्हणून काय वाट्टेल ते सांगशील?"

इकडे शिमगा जवळ येत होता. मैनाकाकींनी ओटीचं खण-नारळ काढून ठेवलं होतं. ते कळल्यापासून रावजी पलीकडच्या वाडीला जाईनासे झाले. शब्द दिला होता ना!

आणि एका सकाळी सानिका स्वतःच स्कूटरवरून हजर झाली. हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाली, "आजोबा, पऱ्ह्यावरचा काय?"

"म्हणजे?"

"अहो, पहिल्यांदा पऱ्ह्यापर्यंत तरी आला होतात. परवा तर देवीच्या बहिणीपाशीच थांबलात! डबा खाताना रोज ऐकते मी. पुढं काय झालं, ते कळल्याशिवाय घास उतरत नाही."

"सांगतो की!" रावजी हरखले. "पण जागेवर सांगतो."

ते थेट साकवाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. गाव दोन्ही काठांवर जमलं. पुन्हा सगळे देव आले, एकही न गाळता. शेवटी रावजींनी जोरात पाय आपटला, "तर म्हाराजा, आमचा जो पऱ्ह्यावरचा साकव..."

कडाड! फळी मोडली आणि रावजी गुडघ्यापर्यंत आत!

"आजोबा! लागलं का?"

"मधे बोलू नको गो! गाऱ्हाणं पुरं होऊ दे!" आणि तिथूनच, एक पाय वर आणि एक अधांतरी ठेवून, रावजींनी पुढचं सांगितलं. मैनाकाकींची ओटी सांगितली, पालखीची वाट सांगितली. "तर ही वाट सरळ कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गावाबरोबर सानिकाही म्हणून गेली. मग तिनं मोबाईल काढला. "आता हलू नका आजोबा. हा फोटो बरोबर आला."

त्या फोटोला 'अखत्यारीत नाही' म्हणायची कुणाची छाती झाली नाही. माणसं आली, लोखंडी पट्ट्या आल्या, जाड फळ्या बसल्या.

शिमग्यात धाकूनं पालखी साकवावरून नुसती नेली नाही, नाचवत नेली. मैनाकाकींच्या अंगणात ती टेकली. मागे रावजी, किंचित लंगडत. त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. जाकादेवी झाली, वाघजाई झाली, भैरी झाला, आणि राखणदारानंतर ते म्हणाले, "तालुक्याला बसून सगळं ऐकणारी सानिकाबाय, तिला सुखी ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"रावजी, आटपा आता," ओटी हातात धरून काकी म्हणाल्या, डोळे पुसत. "आणखी एक नाव वाढवलंत. पुढच्या साली मोबाईलात मावणार कसं?"

तर मंडळी, कधी त्या बाजूला गेलात आणि त्या साकवावरून कोरड्या पायांनी पलीकडे पोचलात, तर देवीला हात जोडाच. पण डबा बाजूला ठेवून 'पुढं काय?' म्हणत आलेल्या त्या पोरीचीही तेवढी आठवण ठेवा.