उभ्या धाग्याचा दांडा

तुडतुडी कुणाचं ऐकत नाही, असं आत्या येईल त्याला सांगायची. तुडतुडीने ते कधी मनाला लावून घेतलं नाही, कारण ती ऐकतच नसे.

त्या दुपारी ती शाळेतून आली तीच एक कागद फडकावत. पुढच्या वर्षी कोणता जादा विषय घ्यायचा, त्याचा फॉर्म. खाली पालकांची सही, आणि उद्या सकाळी द्यायचा. तिने ‘कार्यशाळा’ या शब्दापुढे इतकी दणदणीत खूण केली होती की कागद मागून फुगला होता.

बाबा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. दोन मशिनी, एक लांब टेबल, भिंतीवर खिळ्याला लटकलेली मोठी कात्री, जिने कुणी चुकून कागद कापला तर बाबांच्या ओरडण्याने घर हादरायचं. आणि कोपऱ्यात कपडे घालून बघायची खोली. खोली कसली, कपाटाची थोरली बहीण! तिच्या दारापुढे बाबा आत्ता गुडघे टेकून बसले होते. वरची बिजागरी सैल होऊन दार कललं होतं आणि कडी काही केल्या लागत नव्हती. सकाळीच एक गिऱ्हाईक बाई दार बघून आल्या पावली परत गेल्या होत्या.

बाबांच्या बाजूला पेटी उघडी पडली होती. पन्नास हत्यारांची, चकचकीत, प्रदर्शनातून हौसेने आणलेली. तिच्यातल्या पेचकसाने दोनच फेरे मारले आणि त्याचं टोक वापरलेल्या साबणासारखं गुळगुळीत झालं. स्क्रूच्या डोक्यावरच्या अधिकच्या चिन्हाचा तर नुसता खड्डा उरला.

“स्क्रूच मेला हलकट,” बाबा म्हणाले.

“स्क्रूला कशाला बोल लावतोस, दादा?” आत्या काजं करता करता म्हणाली. “याच पेटीतल्या हातोडीचं डोकं उडून माझ्या चहात पडलं होतं. विसरलास?”

“बाबा, सही,” तुडतुडीने मधेच कागद पुढे केला.

बाबांनी तो हात लांब करून वाचला. “कार्यशाळा? करवत, हातोडी? बोटं ठेचून घेशील. शिवण घे. घरचा विषय, बसल्या जागी मार्क.”

“बसल्या जागी मला मुंग्या येतात!”

“मग येऊ देत.”

“हे दार मी संध्याकाळपर्यंत दुरुस्त केलं तर?”

बाबांनी गुडघ्यावरची धूळ झटकली. “तर सही. नाहीतर शिवण, आणि तोंडातून एक अक्षर काढायचं नाही.”

“हिने? एक अक्षर नाही?” आत्या खिदळली. “दादा, तू आत्ताच हरलास.”

बाबांनी पैसे दिले आणि याहून मोठी पेटी आणायला सांगितली. निघताना तुडतुडीने बिजागरीतून गळून पडलेला एक धड स्क्रू खिशात टाकला. कापडाचा तुकडा नेल्याशिवाय दोरा आणायचा नाही, हा घरचा नियमच होता.

हत्यारांचं दुकान दोन गल्ल्या सोडून. दुकानदार बाई उंचपुऱ्या, कानावर पेन्सिल. आणि काचेच्या कपाटात, अहाहा, एक गुलाबी पेटी! बहात्तर हत्यारं, सगळ्यांच्या मुठी गुलाबी. तुडतुडीचा जीव तिथेच अडकला. तिने आतली पक्कड उचलली आणि नकळत कानाशी नेऊन उघडझाप केली.

खळ्ळ.

बाबा कात्री घेताना असंच करायचे. आधी ऐकायची, मग उजेडात धरायची. तिने पक्कड मिटून उजेडात धरली. जबड्यातून मुंग्यांची रांग आरामात गेली असती, एवढी फट!

“काय झालं? मुलींना फार आवडते ती,” बाई म्हणाल्या.

“मलाही आवडली हो, काकू. नुसता डबा विकता का?”

बाई हसल्या आणि त्यांनी खालचा खण ओढला. त्याला तेलाचा वास होता आणि गुलाबी काही म्हणता काही नव्हतं. यातली पक्कड मुकाट्याने मिटली, उजेडाचा कणसुद्धा पलीकडे जाईना. मग तुडतुडीने खिशातला स्क्रू काढून पेचकस लावून बघायला घेतले. पहिला आत डगमगला, दुसरा वरच बसून राहिला, तिसरा असा चपखल बसला की जणू माप घेऊनच बेतलेला.

हातोड्या दोन होत्या, दिसायला सख्ख्या बहिणी. तिने दांडे उजेडात फिरवले. एकीच्या लाकडातल्या रेघा सरळ टोकापर्यंत धावत होत्या, दुसरीच्या तिरक्या आडव्या कापत गेल्या होत्या.

“ही नको. हिचा धागा आडवा आहे.”

“धागा?”

“कापड आडवं ओढलं की लवकर दगा देतं, उभ्या धाग्यावर टिकतं. लाकडाचंही तसंच असणार ना?”

बाईंनी कानावरची पेन्सिल काढली आणि काहीच न लिहिता परत ठेवली. “कुणाची गं तू?”

“शिंप्याची.”

“हत्यारांतलं बरंच कळतं की तुला.”

“मलाही आत्ताच समजलं!”

पैशांत तीनच वस्तू बसल्या. वर बाईंनी त्याच मापाचे चार स्क्रू दिले.

“पन्नासांच्या जागी तीन आली?” बाबांनी कपाळाला हात लावला.

“गणितही बदलून घे गं, फॉर्ममध्येच,” आत्या म्हणाली.

तुडतुडीने लक्षच दिलं नाही. पकडीच्या जबड्यात बिघडलेल्या स्क्रूचं डोकं धरलं, दात-ओठ खाऊन फिरवलं. कुरकुरत का होईना, स्वारी बाहेर आली. नवा स्क्रू लावला, तर तो गोल गोल फिरतच राहिला. भोकच मोठं झालं होतं! तिचा चेहरा पडला. बाबांनी घड्याळाकडे बघितलं. ते जास्त झोंबलं.

तिने भिंतीला टेकून विचार केला. बटण कापडासकट उपटलं तर बाबा काय करतात? मागे तुकडा लावतात.

“आत्या, काड्यापेटी दे!”

“घर पेटवतेस का आता?”

काड्यांची डोकी मोडून, डिंक माखून तिने त्या भोकात घातल्या. हातोडीने हलकेच ठोकल्या, वरची टोकं मोडली. मग स्क्रू. आता तो जागच्या जागी घट्ट रुतत गेला. उरलेले तीनही बसले. तिने दार लोटलं, कडी सरकवली.

खट्.

बाबा उठले. दाराला कान लावून त्यांनी कडी तीनदा उघडझाप केली, अगदी कात्रीसारखी. मग पेन शोधू लागले. पेन बटणांच्या डब्यात, डब्याचं झाकण अडकलेलं. त्यांनी सहज हाताशी असलेला नवा पेचकस उचलून झाकणाखाली घातला.

“बाबा! त्याने डबा उघडायचा नाही!”

घर हादरलं. आत्याची सुई हवेतच थांबली. सही अजून झाली नव्हती, हे ओरडल्यावर तुडतुडीच्या लक्षात आलं आणि तिने जीभ चावली.

बाबांनी पेचकसाकडे पाहिलं, मग खिळ्यावरच्या कात्रीकडे. पेचकस त्यांनी अलगद टेबलावर ठेवला आणि पेटीतला गुळगुळीत टोकाचा उचलला. “याने चालेल का, बाईसाहेब?”

“चालेल. तो तेवढ्याचाच आहे.”

झाकण उघडलं. सही झाली, नेहमीपेक्षा जरा मोठीच.

मग नव्या हत्यारांसाठी कात्रीशेजारी आणखी एक खिळा ठोकायचं ठरलं आणि तो तुडतुडीनेच ठोकला. पाचव्या घावाला हातोडी अंगठ्यावर आली, पण तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. हात पाठीमागे धरून ती रात्रीच्या जेवणापर्यंत सारखी हसत होती.