पावसाळी भिंत

उखर्डू मिस्तरीने टेपाला हातसुद्धा लावला नाही.

"ठेवा तो खिशामा, आबा," तो म्हणाला. "अठ्ठावीस फूट लांब, दहा उंच. न्हाणीकडे अर्धा फूट कमी शे."

आधारच्या हातातला टेप तसाच राहिला. न्हाणीकडच्या कोपऱ्याला कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग लावलेला होता, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच. त्याच्यामागे भिंत किती उतरली आहे हे गावात कोणाला दिसत नव्हतं. खुद्द आधारलाही नक्की सांगता आलं नसतं.

"तुले कसं माहीत?"

"मिस्तरी शे मी. आम्हले नजरनीच माप समजस."

"पऱ्हाट्यांच्या आरपार?"

उखर्डूने विडी पेटवली आणि दुसरीकडे पाहिलं. आधारने ते बरोबर टिपलं.

भिंत मातीची होती, घराच्या पश्चिमेची. पाऊस त्याच बाजूने मारायचा. त्याची बायको भिकुबाई दरसाल आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी नदीच्या काठावरून पांढरी माती आणायची, तिच्यात शेण आणि भुसा कालवून भिंतीला पोतारा करायची. पौषात भिकुबाई गेली. आता आखाजी पंधरा दिवसांवर आली होती आणि पोतारा करायला घरात कोणी नव्हतं. पंडित, मुलगा, जळगावला नोकरीला. त्याने पत्रात लिहिलं होतं की सिमेंटचं प्लास्टर करून टाका, कटकट जाईल. आधारला वाटलं, पोराला हे घर विकायचं असेल, म्हणून आधी तोंड रंगवतो आहे.

त्याचा स्वभावच तसा. बाजारात घेतलेला कांदा दुसऱ्या दुकानात परत तोलून पाहणारा माणूस. भिकुबाई म्हणायची, "तुम्ही तं देवले भी पावती मांगशात."

उखर्डूने पिशवीतून तुकडे काढून ओट्यावर मांडले. शहाबादी फरशीचा एक, सिमेंटच्या पत्र्याचा एक, नालीदार पत्र्याचा एक.

"प्लास्टर नको," तो म्हणाला. "मातीवर सिमेंट धरत नही. दोन वर्षांत पोपडं निघी, आन जाताना माती भी लई जाई. फरशीचं वजन भिंतले झेपाव नही. लाकडी पट्ट्या ठोकीसन वरतून पत्रा मारू. मंग वीस वर्षं हात लावानं काम नही."

बोलणं सरळ होतं. म्हणूनच आधारला ते जास्त खटकलं. जास्त काम असलेलं प्लास्टर सोडून कमी कामाचा पत्रा कोणता मिस्तरी सुचवतो?

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

उखर्डू गेल्यावर आधारने एकट्याने पऱ्हाट्या बाजूला ओढल्या. काटक्यांनी हात खरचटले. टेप लावला. साडेनऊ फूट. अर्धा फूट कमी, तंतोतंत.

म्हणजे हा माणूस इथे येऊन गेला होता. आणि आधार घरात असताना तर नाही.

संध्याकाळी शेजारची पुष्पाबाई पाणी भरून येत होती. आधार तिला सहज विचारल्यासारखं म्हणाला, "अक्का, उखर्डू मिस्तरी आमच्याकडे कधी आला होता का गं?"

"उनथा ना. दोनदा."

"कधी?"

"मागला सालले. तुम्ही चाळीसगावले लगनले गयथात तवय." मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हंडा कमरेवर नीट घेतला. "मी काय तुम्हना दारवर पहारा देस का, भाऊ?"

रात्री तो दिवसांचा हिशोब जुळवत बसला. तो लग्नाला गेला तीन दिवस, आणि तेवढ्यात मिस्तरी दोनदा येऊन गेला. भिकुबाई एका शब्दाने बोलली नव्हती. संसाराच्या तेहतीस वर्षांत तिने आणखी काय काय सांगितलं नसेल? तिला आता विचारताही येत नव्हतं. तिच्यावर असा संशय घेताना त्याला स्वतःची लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून संशय काही कमी झाला नाही.

सकाळीच तो नरडाण्याला गेला. तिथे औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या कुंपणाच्या भिंतीवर उखर्डूचं काम चालू होतं. आधारने त्याला खाली बोलावलं.

"मी घरात नसताना तू माझ्या घरी कशाला आला होता?"

उखर्डूने थापी पाण्यात बुडवली, धुतली, परत बुडवली. "भिकुअक्कानी आण घालेल व्हती. आबाले सांगानं नही."

"आता ती नाही. बोल."

"तिनीच बलावं व्हतं. म्हने, मना मांगे ह्या भिंतले पोतारा कोन करी? असं काही लाव का कोनाना हात लागाले नको."

"मागं म्हणजे? तेव्हा तर ती चांगली होती."

"तिले माहीत व्हतं, आबा. धुळाना डाक्टरनी सांगेल व्हतं."

धुळ्याला ती डोळे तपासायला म्हणून गेली होती. चष्मा न आणता परत आली, तेव्हा आधारने तिला विचारलं होतं, खरंच डॉक्टरकडे गेली होतीस की भावाकडे?

"खोटं बोलतोस," तो म्हणाला.

"मंग भिंतलेच इचारा," उखर्डू म्हणाला. "निंबखाले तुम्ही पाठ टेकीसन चहा पेतस ना? तठे दोन बाजूले दोन खिळं शेत. मी ठोकेल शेत. ती म्हने, पत्रा लाव, पन एवढी जागा सोड. पत्रा तापी, त्यासनी पाठ भाजी. मी सांगं, अक्का, तेवढ्याले मंग दरसाल पोतारा लागी. ती म्हने, तेवढं ते करतीन."

आधार घरी आला आणि विळा घेऊन निंबाखाली बसला. जिथे त्याच्या पाठीने भिंत गुळगुळीत झाली होती, त्याच्या डावीकडे त्याने माती खरवडली. खिळ्याचं डोकं लागलं. उजवीकडे खरवडलं. तिथेही होतं. तो अजून खरवडत राहिला, कारण त्याला थर मोजायचे होते. भिकुबाईच्या पोताऱ्याचे थर भाकरीच्या पापुद्र्यासारखे एकमेकांवर बसलेले होते. खिळ्यावर एकच थर होता.

गेल्या आखाजीचा. म्हणजे खिळे ठोकून घेतल्यावर, सगळं माहीत असताना, तिने ही अख्खी भिंत हाताने पोतारली होती. तो चाळीसगावहून परत आला त्या दिवशी तिचे हात कोपरापर्यंत पांढरे होते, आणि त्याने तिला विचारलं होतं, लग्नात मला आहेर काय मिळाला ते पाहिलंस का?

विळा तिथेच ठेवून तो परत नरडाण्याला गेला आणि उखर्डूला पत्रा लावायला सांगून आला.

आठ दिवसांत पत्रा बसला. आधारने प्रत्येक पट्टी हलवून पाहिली, खिळे मोजले, टेप लावला. उखर्डू नुसता हसला. निंबाखालची जागा तेवढी मोकळी राहिली, दोन खिळ्यांच्या मधली.

आखाजीला सकाळी त्याने भिकुबाईच्या नावाने घागर भरली, तिच्यावर आंबा ठेवला. मग टोपली घेऊन नदीकाठी गेला. माती आणली, शेण आणि भुसा कालवला आणि भिंतीला हात लावला. सगळं खाली ओघळलं.

पुष्पाबाई दारातून पाहत होती. "आधारभाऊ, हाऊ पोतारा शे का ताक?"

"किती माती घालायची ते सांग ना मग."

"तिले कधी इचारं नही का?"

"नाही," तो म्हणाला.

तिने येऊन आणखी दोन ओंजळी माती टाकली आणि निघून गेली. यावेळी पोतारा धरला. बोटांचे फराटे राहिले, कडा वाकड्या आल्या, पण धरला. चार वाजता त्याने चहा केला आणि निंबाखाली आला. भिंत अजून ओली होती, म्हणून तो उभ्यानेच चहा प्यायला.