कुलूपबंद किचन

जवळच्या एका कार वॉशवर इमिग्रेशनची धाड पडल्याची बातमी व्हॉट्सॲपवर आली आणि त्याच दुपारी सुलेखाने आपल्या केटरिंग किचनच्या मागच्या दाराला कुलूप लावलं. पुढच्या दारालाही ती बाहेर जाताना बाहेरून कुलूप लावू लागली. "मावशी, तुमच्याच भल्यासाठी," ती म्हणाली. तिच्याकडे पोळ्या करणाऱ्या सुमित्रालाही तेव्हा ते पटलं.

त्या किचनमध्ये काम करणाऱ्या तिघींपैकी धड कागदपत्रं कुणाचीच नव्हती. सुमित्रा इस्लामपूरहून अमेरिकेत शुगर लँडला आली ती सुलेखाच्या बाळंतपणात कामाला म्हणून, व्हिजिटर व्हिसावर. बाळ शाळेत जाऊ लागलं तरी ती परतली नव्हती. सुलेखाच्याच घरात मागच्या खोलीत राहायची. मारिसोल होंडुरासची, पोळ्या लाटायला सुमित्राकडूनच शिकलेली. आणि नागपूरची आश्लेषा युनिव्हर्सिटीत शिकत होती. तिच्या व्हिसावर असं काम करायची परवानगी नव्हती.

गणपतीत एका मंडळाची पुरणपोळ्यांची मोठी ऑर्डर आली आणि नेमका तेव्हाच किचनचा एसी बंद पडला. मेकॅनिक बोलावला तर तो तिघींना बघणार, म्हणून सुलेखाने ते काम गणपतीनंतर करायचं ठरवलं. बाहेर ह्यूस्टनकडचा दमट उकाडा, आत पेटलेल्या शेगड्या. सुलेखा डिलिव्हरीला गेली होती. मारिसोल सकाळपासून डोकं दुखतंय म्हणत होती. बोलता बोलता तिच्या हातातलं उलथनं पडलं आणि पाठोपाठ तीही.

सुमित्राने तिचं डोकं मांडीवर घेतलं. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. डोळे अर्धवट उघडे, पण ओळख नव्हती. आश्लेषाने शेगड्या बंद केल्या, ओले टॉवेल आणले. सुमित्राने सुलेखाला फोन लावला.

सुलेखा हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकली होती. पाणी मारा, मी पोचतेच, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मावशी, ॲम्ब्युलन्ससाठी नाइन वन वन करू नका. पोलीस येतील. आधी तुम्हालाच नेतील."

सुमित्राने फोन ठेवला. मागचं दार ढकलून पाहिलं, पुढचंही. पुढच्या दाराच्या काचेतून पार्किंग लॉट दिसत होता, उन्हात तापलेला, माणूस नसलेला. इतक्यात मारिसोलला झटके येऊ लागले.

"मावशी, माझी डिग्री राहिलीय यार," आश्लेषा रडकुंडीला येऊन म्हणाली. "घरी काय सांगू मी?"

सुमित्राने मारिसोलचं डोकं पुन्हा मांडीवर घेतलं. इस्लामपूरला लेक होती, तिच्या बाळाला अजून मांडीवर घेतलं नव्हतं. परत जायचं ते आपल्या मर्जीने, ताठ मानेने, असं तिने मनाशी ठरवून ठेवलं होतं. मांडीवर मारिसोलचा श्वास अडखळत होता. सुमित्राने तीन आकडे दाबले.

पलीकडची बाई भराभर काहीतरी विचारू लागली. "वुमन फॉल. व्हेरी हॉट. डोअर लॉक," एवढंच सुमित्राला जमलं. पत्ता सांगताना तिची जीभ अडखळली, तेव्हा आश्लेषाने तिच्या हातातून फोन घेतला आणि स्वच्छ इंग्रजीत सगळं सांगितलं. स्वतःचं नावसुद्धा.

फायर ब्रिगेडच्या माणसांनी मागचं दार तोडलं. मारिसोलला बर्फाच्या पिशव्या लावून त्यांनी ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. कागदपत्रं कुणीच विचारली नाहीत. पण सोबत एक पोलीसही आला होता. दार कुणी बंद केलं, असं त्याने विचारलं.

"ओनर," ती म्हणाली. "की विथ ओनर."

त्याने दोघींची नावं टिपून घेतली. तेवढ्यात सुलेखाची गाडी आली आणि तो तिच्याकडे वळला.

किचनला त्याच दिवशी सरकारी टाळं लागलं, ऑर्डर कॅन्सल झाली. ज्या घरात खाल्लंत त्याच घरावर उलटलात, असं सुलेखा रडत रडत म्हणाली. सुमित्राने बॅग भरली आणि मारिसोलच्या बहिणीकडे राहायला गेली. मारिसोल वाचली, पण किडनीला धक्का बसला होता. शेगडीजवळ उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

दसऱ्याच्या आधी सुलेखाचा फोन आला. दंड भरून किचन पुन्हा सुरू होणार होतं आणि या तिघींसारखे हात दुसरीकडे मिळत नव्हते. सुमित्राने शांतपणे सांगितलं की एसी चालू हवा, दार उघडं हवं, मधे बसायला वेळ हवा आणि मारिसोलला बसून करायचं काम हवं.

"मावशी, तुम्ही मला अटी घालणार?"

"मी एकटी नाही, ताई. तिघी मिळून."

सुलेखाने फोन आपटला. दोन दिवसांनी आश्लेषाने फोटो पाठवला: किचनच्या छताला टेकवलेली शिडी, शिडीवर एसीचा मेकॅनिक.

बाकीच्या अटीही मान्य झाल्या, तशा तिघी कामावर गेल्या. मारिसोल एसीच्या झोतात खुर्चीवर बसून डबे भरू लागली. पोलिसाने टिपलेल्या नावांचं पुढे काय झालं, ते कुणालाच कळलं नाही. बाहेर एखादी गाडी हळू झाली की सुमित्राचा लाटणं धरलेला हात अजून थांबतो. गाडी पुढे गेली की ती पोळी उलटून घेते.